पायरी बारा

दार ढकललं तेव्हा आतून कसलाच आवाज आला नाही. भर शाळेच्या वेळात, सव्वीस मुली असलेल्या खोलीतून. मी क्षणभर उंबऱ्यातच थांबले. मुली दोन रांगा करून सतरंजीवर बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर टॅब आणि कानांवर काळे हेडफोन. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून खिडक्यांना खाकी कागद चिकटवले होते. बाहेर मार्चचं ऊन तापलं होतं, आत त्या कागदांमुळे सगळं तपकिरी दिसत होतं. पंखा होता, पण वीज टॅब चार्ज करायला राखून ठेवलेली.

बिराजदार बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. उठून त्या हळूच म्हणाल्या, "या मॅडम. तास चालू आहे."

"तुम्ही काय शिकवताय आत्ता?" मी विचारलं.

"मी नाही शिकवत. तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय की. टॅबच्या तासाला शिक्षकानं मध्ये पडायचं नाही."

ते वाक्य माझंच होतं. त्या पुस्तिकेतली बहुतेक वाक्यं माझी होती.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात, टॅबवरचे धडे तयार करणाऱ्या एका कंपनीत होते. त्याआधी सहा वर्षं रत्नागिरीत गणित शिकवलं होतं, म्हणून चौथी-पाचवीचं गणित माझ्याकडे आलं. धडा लिहायचा, प्रश्न काढायचे, उत्तरं भरायची. पुढे आवाजही माझाच घेतला, कारण बाहेरचा कलाकार आणायला कुलदीप तयार नव्हता. कुलदीप म्हणजे आमचा प्रमुख. त्याची रचना साधी होती. प्रत्येक धडा म्हणजे एक पायरी. पायरीच्या शेवटी पाच प्रश्न. पाचही बरोबर आले तरच पुढची पायरी उघडणार. एक जरी चुकलं तरी धडा पुन्हा पहिल्यापासून बघायचा. "कच्चं राहून पुढे जाताच येणार नाही," असं तो अधिकाऱ्यांना सांगायचा, आणि ते त्यांना फार आवडायचं.

जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून, कोरहळ्ळी नावाचं गाव आहे. तिथं एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती. पाचवीच्या त्या वर्गात पंचवीस मुली चाळिसाव्या पायरीच्या पुढे होत्या आणि एक बाराव्या पायरीवर; आमच्या यादीत तिच्या नावापुढे लाल खूण होती. सोमवारी मुंबईत आमचं मोठं सादरीकरण होतं. मुली किती रमल्यात त्याचे फोटो आणायचे आणि जमलं तर ती एक लाल खूण हिरवी करून यायची, एवढ्यासाठी कुलदीपनं मला गुरुवारी पाठवलं होतं.

मी खोलीत शिरून मुलींना नमस्कार केला. जवळच्या दोघी-तिघींनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे. एकीनं शेजारणीला कोपर मारलं.

"टॅबातली बाई हाय," ती म्हणाली.

तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं की इतके महिने या खोलीत मीच बोलत होते.

बाराव्या पायरीवरची मुलगी भिंतीला टेकून शेवटी बसली होती. मायाक्का लवटे. मेंढपाळ धनगराची मुलगी, अकरा वर्षांची, अंगानं बारीक. केस तेल लावून इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. मी शेजारी बसले तरी तिनं मान वळवली नाही. तिच्या पडद्यावर पाचवा प्रश्न होता. *एका दोरीचे सहा समान तुकडे करायचे आहेत. दोरी किती वेळा कापावी लागेल?* खाली चार चौकटी : चार, पाच, सहा, सात.

तिनं पाचवर बोट ठेवलं. पडदा लाल झाला. तिच्या हेडफोनमधून माझाच आवाज बारीक ऐकू आला, "अरेरे, चुकलं. पुन्हा विचार कर बरं." आणि धडा पहिल्यापासून सुरू झाला. मांजर, दोरी, सहा मिनिटांची गोष्ट.

मी मनातल्या मनात दोरी कापली. एकदा कापली की दोन तुकडे, दोनदा कापली की तीन. सहा तुकड्यांना पाचदा. पाचच.

हा प्रश्न कुणी काढला हे मला विचारावं लागलं नाही. मूळ प्रश्न 'किती तुकडे होतील' असा होता आणि उत्तर सहा. तपासणाऱ्यानं 'जरा अवघड करा' असा शेरा मारला होता. दिवसाला चाळीस प्रश्न संपवायचे असत. मी वाक्य बदललं आणि उत्तर तसंच ठेवलं. पुढं ते तीनशे शाळांत गेलं. बाराव्या पायरीवर मुलं दोन-तीन वेळा अडकतात आणि मग पुढे जातात, हे आम्हाला कार्यालयात आकड्यांत दिसलं होतं. त्याचा आलेख मीच काढला होता. 'मुलं चिकाटीनं प्रयत्न करतात' असं त्याला नाव दिलं होतं. सोमवारच्या सादरीकरणात तो तिसऱ्याच पानावर होता.

मी मायाक्काच्या कानावरचे हेडफोन बाजूला केले. सहा दाबून बघितलंस का कधी, असं विचारलं.

"न्हाई."

"का?"

"सहा बार कापली तर सात हुत्यात." माझ्यासारख्या मोठ्या बाईला हे सांगावं लागावं याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "आमी वाघरीला दोरी कापताव की." वाघर म्हणजे मेंढरांच्या भोवती लावायची जाळी, हे बिराजदार बाईंनी मला नंतर सांगितलं.

"मग रोज तेच उत्तर का देतेस? ते तर रोज चूक म्हणतंय."

ती टॅबकडे बघत म्हणाली, "त्ये रोज इचारतंय. म्हंजी त्येला अजून कळलं न्हाई. कळंपातूर सांगाय नगं?"

मांजराची गोष्ट संपत आली होती. तिनं हेडफोन परत कानावर चढवले.

दुपारी जेवणानंतर बिराजदार बाईंनी मला नोंदी दाखवल्या. जुलैत टॅब आले तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत मायाक्का सगळ्या वर्गाच्या पुढे होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती बाराव्या पायरीवर आली आणि तिथंच राहिली. दोनशे चौदा वेळा तिनं तो धडा बघितला होता. बाईंना चूक माहीत होती. सप्टेंबरात त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला होता. तक्रार नोंदवली आहे असं उत्तर मिळालं होतं. मग जिल्ह्याचे अधिकारी येऊन शाळेची पाठ थोपटून गेले, आणि संस्थेच्या सचिवांनी बाईंना सांगितलं की आता खुसपट काढू नका. बाईंची नोकरी कंत्राटी होती.

"मीच सांगितलं तिला, सहा दाब आणि मोकळी हो. चारदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे असं बघितलं पोरीनं, की पाचव्यांदा सांगवेना."

पण खरी अडचण पुढेच होती. सलग सहा महिने लाल असलेल्या मुलीच्या पालकांना पत्र पाठवायचं, असा नियम होता. बाईंनी तो पाळला होता. 'आपल्या पाल्याची गणितातील आकलनगती मंद आहे.' छापील मसुदा. तोही पुण्याहूनच गेलेला. ते पत्र वाचून बाप शनिवारी मुलीला न्यायला येणार होता.

शाळेत फोनला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ मिळायची. तिथून मी कुलदीपला फोन लावला. टाकीची सावली हातभर होती, तीत उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. तो दुष्ट माणूस नव्हता. सोमवारपर्यंत काहीच बदलता येणार नाही, म्हणाला. उत्तर बदललं की जुन्या सगळ्या नोंदी आपोआप नव्यानं मोजल्या जातील, हजारो मुलं हिरव्याची लाल होतील, आणि तीही सादरीकरणाच्या तोंडावर. मी म्हटलं, पण तिचं उत्तर बरोबर आहे.

"सुनेत्रा, एका मुलीसाठी तीनशे शाळांचा आलेख पाडायचा का?" तो म्हणाला. "तुझ्याकडे पासवर्ड आहे. तिला तेराव्या पायरीवर सरकव. बाप आला की हिरवी खूण दाखव. तिचंही भलं होईल, आपलंही."

मी फोन ठेवला. खाली हौदावर मुली ताटं घासत होत्या. मला त्याच्या बोलण्यात खोट दिसत होती, आणि त्याहून चांगलं काही सुचत नव्हतं. मुलगी सुटत होती, बाप शांत होत होता, बाईंची नोकरी राहत होती, माझीही. मी खाली उतरले, रिकाम्या खोलीत गेले, तिचा टॅब घेतला आणि पासवर्ड टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम. लाल ठिपका हिरवा झाला.

दुपारच्या तासाला मायाक्कानं टॅब उघडला. पडद्यावर चांदण्या उडाल्या. तेरावी पायरी उघडली होती. तिचा चेहरा उजळला. मी तो बघतच होते. पण तिनं नवा धडा सुरू केला नाही. ती मागे गेली, जिथं झालेल्या पायऱ्यांचा हिशेब दिसतो त्या पानावर, आणि बोटानं एकेक ओळ वाचत खाली आली.

तिथं लिहिलेलं होतं : *प्रश्न पाच. तुझं उत्तर सहा. शाब्बास.*

मी फक्त कुलूप काढलं होतं. रकाना यंत्रानं आपला आपण भरला होता.

"बाई," ती म्हणाली. तिच्या कानावर हेडफोन होते, त्यामुळे आवाज मोठा निघाला. "ह्ये म्या केलं न्हाई."

काही मुलींनी माना वळवल्या. मी पटकन तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "असू दे गं. झालं ना पुढचं सुरू? तू पुढचं कर."

"म्या सहा म्हटलं न्हाई."

"मला माहीत आहे. पण आता पुढे जा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग हेडफोन काढले, त्यांची वायर गुंडाळली, टॅब सतरंजीवर पालथा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिली. रागावली नव्हती, रडतही नव्हती. तास संपायला वीस-पंचवीस मिनिटं होती. त्या खाकी उजेडात मी तिच्या शेजारी बसून राहिले. उठून जाणं बरं दिसलं नसतं. सगळ्या खोलीत माझा आवाज बारीक बारीक कुजबुजत होता : छान, शाब्बास, अरेरे, पुन्हा विचार कर.

शेवटी ते ऐकवेना. मी उठले आणि सगळ्यांना हेडफोन काढायला सांगितले. बाराव्या पायरीवरचा दोरीचा प्रश्न मोठ्यानं वाचला आणि खरं उत्तर पाच आहे असं कोणाकोणाला वाटतं, विचारलं.

थोडी चुळबुळ झाली. मग एक हात वर आला, मग चार, मग सगळे. पंचवीसही.

"मग सहा का दाबलंत?"

पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "टॅबला सहाच लागतंय, बाई." दुसरीनं भर घातली, "वहीत पाच लिवायचं. टॅबात सहा." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चप्पल बाहेर काढून आत यायचं, तसंच हेही. मी रत्नागिरीत सहा वर्षं शिकवलं होतं. चुकलेली मुलं पुष्कळ पाहिली होती. बरोबर उत्तर माहीत असून ते इतक्या सहज बाजूला ठेवणारी मुलं मी कधी पाहिली नव्हती. आणि ती त्यांना आम्ही शिकवलेली पहिली गोष्ट होती.

"टॅबची चूक आहे," मी म्हणाले. "मायाक्काचं बरोबर आहे."

मुली हसल्या, काही जणींनी मायाक्काकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. टॅबची चूक हे ऐकून तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

शुक्रवारी ती टॅबच्या खोलीत आलीच नाही. बिराजदार बाई सकाळी सांगत आल्या की तिनं आपली पेटी स्वतःच भरून ठेवली आहे. बाप न्यायला येतोय म्हणून नाही. ती म्हणते, मीच जाणार. बाईंनी तिला समजावलं, वार्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, वर्ष वाया जाईल. त्यावर ती एवढंच म्हणाली की टॅबात तिच्या नावावर सहा लिहिलंय.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. ती गेली. परीक्षा बुडाली, आणि जूनमध्ये बाप तिला परत घेऊन आला तेव्हा तिला पुन्हा पाचवीत बसवलं. सोमवारचं सादरीकरण झालं, आलेखासकट. उत्तर जूनच्या आवृत्तीत बदललं. 'किरकोळ सुधारणा' या यादीत ते सतरावं होतं, आणि एकाही शाळेला ते वेगळं कळवलं नाही. मी कंपनी सोडली, पण लगेच नाही. आणखी आठ महिने राहिले. कारण विचारलं तर सांगता येणार नाही. रोज सकाळी वाटायचं की आज राजीनामा देऊ, आणि रोज चाळीस प्रश्न समोर असायचे. आता मी पुन्हा शाळेत शिकवते. बिराजदार बाईंनी त्या शुक्रवारीच खिडक्यांचे कागद काढले आणि टॅबच्या तासाला फळा वापरायला सुरुवात केली. सचिवांनी त्यांना दोनदा लेखी विचारणा केली. त्या टिकल्या कशा, ते त्यांनाच माहीत.

शनिवारी सकाळी बाप आला. बिरू लवटे. कळप त्यानं कृष्णेकाठी मिरजेच्या बाजूला बसवला होता. तिथून दोन एसट्या बदलून आला होता. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा, हातात ते पत्र. पत्राच्या घड्या फाटायला आल्या होत्या. फाटकाशीच थांबला, आत ये म्हटलं तरी आला नाही. मायाक्का पेटी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मी त्याला सांगितलं की पत्र चुकीचं आहे, मुलगी हुशार आहे, तिचं उत्तर बरोबर होतं.

त्यानं मान हलवली. म्हणाला, आपल्याला वाचता येत नाही. हे पत्र किराणा दुकानात दुकानदारानं मोठ्यानं वाचून दाखवलं, चार माणसं उभी होती. तिच्या मामानं तिथंच म्हटलं, मंद पोरीला कशाला ठेवतो साळंत. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी तोंडानं सांगताय, बाई, ते बरं हाय. पर त्ये कागदावर हुतं. कागदाला कागद द्या."

बिराजदार बाईंनी कार्यालयातून शाळेचा कोरा कागद आणला. मी फाटकाच्या खांबावर कागद टेकवून उभ्या उभ्या लिहिलं. कुमारी मायाक्का बिरू लवटे हिची गणितातील गती मंद नाही. ती उत्तम आहे. बाराव्या पायरीवरील प्रश्नाचं तिनं दिलेलं उत्तर बरोबर होतं. प्रश्नाच्या उत्तरात चूक झाली होती. खाली सही केली, तारीख टाकली. सही करताना, हा कागद पुण्यात पोचला तर काय, हे मनात आलं नाही असं नाही. म्हणूनच शेवटचं वाक्य तसं लिहिलं होतं.

बापानं कागद घेतला आणि सरळ मुलीच्या हातात दिला. "वाच."

तिनं पेटी खाली ठेवली. एकेक शब्दावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबली. ती ओळ पुन्हा वाचली.

"चूक झाली हुती," ती म्हणाली. "कुणाकडनं, ते लिवलं न्हाई."

बाप माझ्याकडे बघायला लागला. बिराजदार बाई जमिनीकडे बघत होत्या. रस्त्यावर एसटी येऊन थांबली होती. कंडक्टरनं दार उघडून हाक मारली, पण त्या दोघांपैकी कुणी हललं नाही.

मी हात पुढे केला. तिनं कागद दिला. मी तो पुन्हा खांबावर टेकवला, शेवटचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं : चूक माझी होती. प्रश्न मी काढला होता. तिला सात महिने चूक म्हणणारी मी होते. सुनेत्रा पाटणकर.

तिनं ते वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग कागदाची नीट घडी करून तो बापाकडे दिला, पेटी उचलली आणि म्हणाली, "आता बराबर हाय."